डबल बेल

"मामा, सकाळची भाकरी तुम्ही खाल्लीत ना?"

"खाल्ली की."

"मग परसातल्या भिंतीवर कावळे खातायत ती कुणाची?"

मामा सोप्यात पोत्यावर मांडी घालून बसले होते, तसेच बसून राहिले. साडेनऊला मीच त्यांना इन्शुलिनची सुई टोचली होती आणि पुढ्यात भाकरी ठेवून धुणं धुवायला गेले होते. आता साडेबारा वाजत होते. अंगात औषध आणि पोटात काही नाही, म्हणजे काय होतं ते मी मागच्या दिवाळीत बघितलं होतं. तेव्हा हा माणूस घामानं थबथबून मोरीच्या दारात कोसळला होता आणि मला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारत होता.

"तो खाऊ दे," मामा म्हणाले. "मग मी खातो."

तो म्हणजे हाफ्या. मामांच्या जुन्या खाकी सदऱ्यावर आडवा पडला होता. पुढ्यात जर्मलची थाळी, थाळीत दूधभात, दूधभातावर माशा. चार दिवस झाले होते त्याच्या तोंडात घास गेल्याला.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. नव्या माणसाला वाटायचं शाळामास्तर असतील, पण ते एसटीत कंडक्टर होते आणि एसटीत कंडक्टरलाच मास्तर म्हणतात. त्यातही गाववाले नुसतं मास्तर म्हणत नसत, लेट मास्तर म्हणत. मामांची गाडी वेळेवर पोचली असं कधी झालंच नाही. दर थांब्याला हा गृहस्थ गर्दीतनं वाट काढत दारापर्यंत जायचा, पायरीवर उतरून वाकून मागंपुढं बघायचा, मग पुन्हा वर येऊन दोरी ओढायचा. टिंग टिंग. मग गाडी हलायची. लग्न होऊन आले तेव्हा मीही त्या गाडीनं माहेरी जायचे आणि सासरा आहे म्हणून तोंड मिटून बसायचे. बाकीचे बसत नसत.

रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी मुक्कामी गाडीच्या मागच्या सीटखाली त्यांना एक पिल्लू सापडलं. त्याच्या नावानं हाफ तिकीट फाडून ते त्याला घरी घेऊन आले, म्हणून हाफ्या. बाराच्या पुढं फुल तिकीट लागतं. हाफ्या तेराचा झाला होता, पण नाव बदलायचं काही कुणाच्या मनात आलं नाही.

त्याला मामांनी एसटीचेच कायदे शिकवले होते. थाळीच्या काठावर चमचा एकदा वाजला, टिंग, की थांबायचं. दोनदा वाजला, टिंग टिंग, की चल. जेवायला डबल, फिरायला डबल, दारातनं बाहेर पडायला डबल. पुढ्यात मटण असलं तरी डबल मिळाल्याशिवाय हाफ्या तोंड लावायचा नाही, लाळ गाळत मामांच्या तोंडाकडं बघत बसायचा. त्याला डबल द्यायची, त्यानं पहिला घास घ्यायचा, मग मामांनी आपला घ्यायचा. सासूबाई गेल्यापासून त्या घरात जेवणं अशीच होत होती. त्यामुळं हाफ्यानं थाळीकडं पाठ फिरवली तसे मामांचेही घास रोज कमी होत गेले आणि आज पुरते थांबले, यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच की हे माझ्या ध्यानात यायला चार दिवस लागले.

किडन्या गेल्यात, असं मुलाणी डॉक्टरांनी महिन्यापूर्वी सांगितलं होतं. शबाना मुलाणी, आमच्या तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर. बत्तीस-तेहतीस वर्षांची पोरगी, दिवसभर म्हशींच्या मागं स्कूटर पळवणारी. तरी दर दोन दिवसांनी हाफ्याला बघायला येत होती. पहिल्याच दिवशी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वैजूताई, आता याला बरं करायचं नाहीये. बरं वाटू द्यायचंय. ते काम माझं कमी आणि तुमचं जास्त." मग दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, हिरड्यांना ओला कापूस कसा लावायचा, हाडं टोचतात तिथं चिंध्यांची चुंबळ कशी ठेवायची, सगळं तिनं मला शिकवलं. मी जन्मात कुत्र्याला हात लावलेली बाई नव्हते. लहानपणी एक पिंडरीला धरून लोंबकळलं होतं. पहिले आठ दिवस मी हाफ्याची कूस बदलताना डोळे मिटून घ्यायचे. हाफ्या बिचारा माझ्यासाठी थांबायचा.

पण आता बरं वाटण्यापुढंही गेलं होतं. पहाटेपासून तो कण्हत होता. आवाज नव्हता त्यात, श्वास सोडताना आत काहीतरी फाटल्यासारखं व्हायचं फक्त. आणि मी मामांना न विचारता सकाळीच डॉक्टरांना फोन केला होता.

"तीनपर्यंत येते," त्या म्हणाल्या होत्या. "मास्तरांना सांगून ठेवा."

मी सांगितलं नव्हतं. तोंडच उघडत नव्हतं. त्याआधी एकदा डॉक्टरांनीच हाफ्याला इंजेक्शन देऊन सोडवायचा विषय हळूच काढला होता, तेव्हा मामा उठून परसात गेले होते आणि तास झाला तरी आत आले नव्हते.

"मामा, साखरपाणी तरी घ्या."

"नको म्हटलं न्हवं."

त्यांच्या कपाळावर घाम दिसला मला. जानेवारीचा महिना, सोप्यात गारवा, आणि या माणसाला घाम. मी स्वयंपाकघरात पळाले. आमच्या यांना साखर कारखान्यावर फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. हंगाम चालू होता, त्या यंत्रांच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार. साखरेचा डबा उघडताना झाकण हातातनं सुटलं. मुठीनंच साखर पेल्यात टाकली, पाणी ओतलं आणि ढवळत ढवळतच सोप्यात आले. आणि बायामाणसं दिवसातनं पन्नास वेळा करतात तेच केलं. चमच्याला लागलेले थेंब झटकायला तो पेल्याच्या काठावर आपटला.

टिंग टिंग.

हाफ्या उठला.

चार दिवस ज्याला मान उचलत नव्हती ते जनावर पुढच्या दोन पायांवर उभं राहिलं. मागचे पाय फरशीवर फरफटले. डोळे मामांवर. डबल मिळाली होती, निघायला हवं होतं. त्यानं अंग पुढं ढकललं, तोंड थाळीवर आपटलं, थाळी उलटी झाली आणि हाफ्या ओरडला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि पुन्हा ऐकायची वेळ येऊ नये. मी पेला टाकून भिंतीला चिकटले. मामा गुडघ्यांवर रांगत त्याच्याकडं गेले आणि बोटातल्या अंगठीनं फरशीवर एकदाच वाजवलं.

टिंग.

हाफ्या थांबला. थरथरत, अर्धा उभा, अर्धा पडलेला. तसाच.

"बस," मामा म्हणत होते. "बस बाळा, थांब. चुकून वाजली रं. चुकून वाजली."

त्यांनी त्याला कवळ्यात घेऊन खाली निजवलं. मग माझ्याकडं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. सत्तरीतला माणूस एखाद्या लेकरासारखा घाबरलेला.

"तुला किती वेळा सांगितलंय, वैजू," एवढंच म्हणाले, "घंटीशी खेळायचं न्हाई."

त्यांनी मला असं कधीच सांगितलेलं नव्हतं.

मी दुसरा पेला आणला. यावेळी ढवळला नाही. मामांनी अर्धा प्यायला, बाकीचा अंगावर सांडला. मग दोघांनाही बघत मी भिंतीला टेकून बसले. मामांचा घाम, हाफ्याची छाती, घड्याळ. घाम थोडा कमी झाला. हाफ्याची छाती वर गेली की खाली यायला इतका वेळ लावायची, की मीच श्वास धरून बसायचे.

पावणेतीनला स्कूटर वाजली.

मामांनी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कुणी बोलावलं?"

"मी," मी म्हणाले.

डॉक्टर चपला काढून आत आल्या. ओढणीला म्हशीच्या शेणाचा डाग. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, सरळ फरशीवर हाफ्याजवळ बसल्या, हिरड्या बघितल्या, पोटावर हात ठेवला. नंतर तोच हात त्यांनी मामांच्या मनगटावर ठेवला.

"मास्तर, तुमचं अंग गार लागतंय. जेवलात?"

"तू जनावरांची डॉक्टरीण हाईस," मामा म्हणाले. "माणसाचं काय बघतीस?"

"माणसं जनावरांपेक्षा सोपी असतात. खोटं बोललेलं लगेच कळतं." पर्समधून खडीसाखर काढून त्यांनी मामांच्या तळहातावर ठेवली. "तोंडात टाका आधी. मग बोलू."

मामांनी टाकली. पुढचा घोट घ्यावा म्हणून मी दोन तास घसा कोरडा केला होता, ते हिनं एका वाक्यात केलं.

"मास्तर, हाफ्याला फार दुखतंय. मी आजवर जेवढं थांबवू शकले तेवढं थांबवलं. आता माझ्याकडं थांबवायला काही नाही. दोन इंजेक्शनं असतात. पहिल्यानं गाढ झोप लागते. झोपल्यावर दुसरं. त्याला कळत नाही. तुमच्या मांडीवरच ठेवा त्याला."

"न्हाई."

"नाही दिलं तरी दोन दिवसांत जाणारच आहे. पण ते दोन दिवस..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. हाफ्याच तेवढ्यात कण्हला.

"मला कळतंय त्याला दुखतंय ते," मामा म्हणाले. "तू सांगायला नगं. पर मी डबल देणार न्हाई. मला न्हाई जमायचं."

"तुम्हाला काही द्यायचं नाहीये मास्तर. मी देणार आहे."

"औषध तू देशील. निघायला तो माझी घंटी बघंल."

डॉक्टरांना कळलं नाही. मी त्यांना डबलचं सांगितलं, मघाशी पेल्यावर चमचा वाजला तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मामांकडं बघत होत्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "मी तीन वर्षं तुमच्या गाडीनं कॉलेजला गेलेय. रोज पहिला तास बुडायचा. आम्ही पोरी मागं बसून तुम्हाला काय काय म्हणायचो, आता सांगत नाही. पण तुम्ही दर थांब्याला खाली उतरून काय बघायचात?"

मामा हाफ्याचे कान चोळायला लागले.

"वडजाईचा फाटा," ते म्हणाले. "बाजाराचा वार. गाडीत पाय ठेवायला जागा न्हाई. मी पुढं तिकिटं फाडत होतो. दारातनं कुणीतरी वरडलं, 'मास्तर, झालं, चला!' माझी पाठ होती दाराकडं. मी वळलो न्हाई. दोरी वढली."

हाफ्याचा श्वास. मामांचा श्वास.

"एक म्हातारी उतरत हुती. डोक्यावर पाटी. एक पाय पायरीवर, एक खाली. गाडी हलली." त्यांनी स्वतःचा तळहात उलटा करून बघितला. "आठ दिवस दवाखान्यात होती. मी रोज जायाचो. ती मलाच म्हणायची, 'तुझी चूक न्हाई रं लेका.' नवव्या दिवशी गेलो तर खाट रिकामी."

मी त्या घरात अठरा वर्षं नांदत होते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. यांनीही नाही.

"चौकशीत सुटलो मी," मामा म्हणाले. "चूक वरडणाऱ्याची धरली. पर दोरी माझ्या हातात हुती. पुढं अकरा वर्षं नोकरी केली. एकदासुदिक बघितल्याबिगर डबल दिली न्हाई. लोक लेट मास्तर म्हणायचे. म्हणू देत." मग हाफ्याकडं बोट केलं. "ह्याचा एक पाय अजून पायरीवर असला तर? मला कसं कळायचं? कोण बघायचं?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागल्या.

मी भिंतीपासून सरकत पुढं गेले. हाफ्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. त्याचं डोकं मामांच्या मांडीवर, त्याची छाती माझ्यापुढं. मी डोळे उघडे ठेवून हात त्याच्या बरगड्यांवर ठेवला. आत काळीज फडफडत होतं, त्याचं की माझं, ते काही कळेना.

"मामा, दारावर मी हाय," मी म्हणाले. "मी बघते. तुमची पाठ असू दे. मी सांगितल्यावर द्या."

"नीट बघशील?"

"बघते."

"घाई करायची न्हाई."

"गाडी लेट झाली तर होऊ दे की."

मामांच्या तोंडाचा कोपरा हलला. डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन भरलं.

ते घेताना हाफ्याला कळलंसुद्धा नाही. दहा मिनिटांत कण्हणं थांबलं. अंग सैल पडलं. पण डोळे मिटले नाहीत. मान उचलून तो मामांकडं बघायचा, ती मांडीवर पडायची, पुन्हा उचलायचा. पापण्या मिटायच्या आणि तो त्या खाडकन उघडायचा. चढणीवर गाडी मागं येते तशी झोप त्याच्यावर येत होती आणि हा बाबा रेटा देऊन उभा होता.

"एवढ्यात झोपायला हवा होता," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "भांडतोय."

"वाट बघतोय," मी म्हणाले.

मामांनी थाळी जवळ ओढली. चमचा हातात घेतला. हात इतका कापत होता की मला दिवाळीच आठवली. आता मामा कोसळले तर? आता दोघंही एकदमच गेले तर? मी एका हातानं हाफ्याची छाती धरली आणि दुसऱ्या हातानं मामांचा दंड.

"मागं बघितलंस?" मामांनी विचारलं.

"बघतेय."

मी बघितलं. त्याच्या डोळ्यांत बघितलं, अगदी जवळून, नाकाला नाक लागेल एवढं. कुत्र्याच्या तोंडाजवळ माझं तोंड, आयुष्यात पहिल्यांदा. तिथं आता दुखणं नव्हतं. भीतीही नव्हती. त्या खोलीत जेवढी भीती होती तेवढी सगळी आम्हा तिघांकडं होती. जेवणापुढं बसून मामांच्या तोंडाकडं बघायचा, तसा तो बघत होता.

"उतरलाय मामा," मी म्हणाले. "दोन्ही पाय खाली आहेत. पायरीवर कुणी न्हाई."

चमचा थाळीच्या काठाला लागला.

टिंग.

आणि हात तिथंच थांबला.

एक घंटी म्हणजे थांब. हाफ्याचे कान ताठ झाले. माझ्या हाताखाली त्याचं सगळं अंग आवळलं, त्या औषधातनंही आवळलं. मामांचा चमचा हवेत. डॉक्टरांनी श्वास धरलेला. मला वाटलं आता हे होणार नाही. हे जनावर असंच थांबून राहणार, पहाटेपर्यंत, परवापर्यंत, मास्तरांनी सिंगल दिली म्हणून.

"मामा, मी बघितलंय," मी म्हणाले. "मी बघितलंय."

मामांनी डोळे मिटले नाहीत. उलट वाकून त्यांनी हाफ्याला पायाच्या नखापासून शेपटीपर्यंत बघून घेतलं, मागं, पुढं, खाली, पूर्वी पायरीवर उतरून बघायचे तसंच. मग सरळ बसले.

टिंग टिंग.

स्वच्छ वाजली. नव्या गाडीची वाजते तशी.

हाफ्यानं मान खाली ठेवली, मोठा श्वास सोडला आणि डोळे मिटले. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं त्यांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि माझ्या हातावर हात ठेवून तो हळूच उचलून घेतला.

जाताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "माझा एक पेशंट सुटला. दुसरा तुमच्या ताब्यात आहे. ही खडीसाखर देत राहा, पण दिवस मावळायच्या आत जेवण पोटात जायला हवं. नाही गेलं तर गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा. मला फोन करा."

हे कारखान्यावरून पाचला आले. परसात शेवग्याखाली खड्डा केला. मामांनी हाफ्याला त्या खाकी सदऱ्यातच गुंडाळलं आणि वरची गुंडी लावली. अंघोळी झाल्या. मामा सोप्यात येऊन बसले, त्याच पोत्यावर. शेजारची जागा रिकामी.

मी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, दूध, वर थोडा गूळ. मामांनी भाकरी कुस्करली, दूध घातलं आणि हात ताटात ठेवून थांबले. नजर शेजारच्या रिकाम्या फरशीवर. कपाळावर पुन्हा घाम फुटायला लागला होता. हे काहीतरी बोलायला गेले, मी खुणेनं गप्प केलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मामांचा हात ताटातनं वर येत नव्हता.

मी पुढ्यात बसले. चमचा घेतला. दुपारचा हाफ्याचा तो ओरडा माझ्या कानात होता. तरी त्यांच्या ताटाच्या काठावर वाजवला.

टिंग टिंग.

मामांनी वर बघितलं. ताट वाढल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं.

"मागं बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं, मामा. कुणी राहिलं न्हाई."

मग त्यांनी घास उचलला.